इतिहासाची पदवी आणि घरचा हिशेब

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखरे गाव येतं आणि तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढायचा. घाटमाथ्यावर डोंगर कोरून केलेलं लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख कोरलेला आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाने तो ओळखला जातो. कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दक्षिणा दिली, हे त्यात आकड्यांनिशी लिहिलं आहे. आकडे शेकड्यांत आणि हजारांत जातात. अंकांच्या चिन्हांचा भारतातला हा फार जुना पुरावा. आपल्या भागाच्या इतिहासाचं पहिलं मोठं पान असं खर्चाच्या वहीसारखं आहे.

ती वही वाचण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते पंडित भगवानलाल इंद्रजी (1839–1888) जुनागढचे. 1870च्या दशकात नाणेघाटातल्या अंकांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. 1882 साली सोपाऱ्याचा स्तूप त्यांनीच उकरून काढला. विद्यापीठाची परीक्षा देऊन मिळवलेली पदवी त्यांच्याकडे नव्हती. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आपल्याकडे कामाला ठेवलं आणि लेख उतरवून आणायला देशभर पाठवलं. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आधी विद्या आली, मग त्या विद्येला मोल देणारा माणूस भेटला आणि कागद सगळ्यात शेवटी आला.

आज त्याच घाटाच्या पायथ्याची मुलं बारावी झाली की उलट्या क्रमाने विचार करतात. आधी कागद कुठला घ्यायचा, हा प्रश्न. मुरबाड तालुक्यात शिवळे इथलं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय, शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय, नाहीतर एसटीने किंवा आसनगावहून लोकलने कल्याण. विज्ञानाला गुण पुरत नाहीत, कॉमर्सची भीती वाटते, मग आर्ट्स. आर्ट्समध्ये इतिहास बरा वाटतो, कारण शाळेत तो मराठीतून शिकलेला असतो आणि आवडलेलाही असतो. मुलगी घरी सांगते, "मी इतिहास घेऊन बीए करणार." वडील गप्प बसतात. आई विचारते, "मग पुढं काय गं?"

हा प्रश्न मुलीला खट्टू करतो, पण तो अपमानाचा नाही. दोन एकर भाताच्या शेतीवर घर चालवणाऱ्या माणसाने पैशाचा प्रश्न विचारायलाच हवा. म्हसाच्या यात्रेत बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो. तीन वर्षांची पदवी घेताना तेवढी तरी पारख करावी. त्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागचं पान पुरेल, जिथे आपण दुधाचा हिशेब मांडतो. त्यावर पाच ओळी लिहायच्या.

पहिली ओळ: खरा खर्च किती?

खर्च म्हटलं की आपल्याला फी आठवते. अनुदानित महाविद्यालयातल्या कला शाखेची फी इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगच्या मानाने फार कमी असते. मागास प्रवर्गांतल्या मुलांना महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती आणि फीमाफीचा अर्ज करता येतो. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. त्याची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते. एसटीच्या विद्यार्थी पासाला दोनतृतीयांश सवलत आहे. बाकी राहतात पुस्तकं, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, सणासुदीचे कपडे. हे सगळं मिळून वर्षाला 20,000 रुपये धरू. तीन वर्षांचे 60,000.

पण मोठा खर्च खिशातून जात नाही म्हणून तो डोळ्याला दिसत नाही. तीन वर्षं कॉलेजात बसलेलं मूल तीन वर्षं कामावर नसतं. अर्थशास्त्रात याला संधिखर्च म्हणतात. आपण त्याला सोडलेली मजुरी म्हणू. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती, म्हणजे तळाची रेघ तिथे. भिवंडीच्या वाटेवरच्या गोदामांत किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत बारावी झालेल्या मुलाला महिन्याला समजा 12,000 मिळाले, आणि वर्षातले दहा महिने काम लागलं, तर वर्षाचे 1,20,000. तीन वर्षांचे 3,60,000.

दोन्ही मिळून 4,20,000 रुपये. आकडा समजुतीसाठी आहे. प्रत्येक घराने आपला घालावा. पण प्रमाण बघा. ज्या 60,000 वर घरात वाद होतो, तो एकूण खर्चाचा सातवा हिस्सा आहे. बाकीचे सहा हिस्से वेळाचे आहेत.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहायला हव्यात. ज्या गावात लावणी-कापणी सोडली तर कामच नाही, तिथे सोडलेली मजुरी 3,60,000 नसते, फार कमी असते. आणि मुलीच्या बाबतीत कॉलेजला पर्याय बहुतेक वेळा मजुरी नसतेच, लग्न असतं. बीएच्या तीन वर्षांत तिला मिळणारं वय, ओळखी, एकटीने कल्याणपर्यंत जाऊन काम करून येण्याची सवय, यांचा आकडा मांडता येत नाही. पण ते पुढे आयुष्यभर मिळकतीत उतरतं. हिशेबात त्याच्यासाठी एक कोरी ओळ ठेवावी.

दुसरी ओळ: परत काय येतं?

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1964 साली मानवी भांडवलाचा सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. शिक्षण हे शेतात बांध घालण्यासारखं आहे: आज पैसा आणि कष्ट जातात, पुढे दरवर्षी थोडं जास्त पिकतं. 1973 साली मायकेल स्पेन्सने वेगळं बोट ठेवलं. मालकाला समोरच्या मुलाची कुवत कळत नाही, म्हणून तो पदवीला खूण मानतो. तीन वर्षं चिकाटीने परीक्षा देणारा माणूस कामातही चिकाटी दाखवेल, असा त्याचा अंदाज असतो. या विचारासाठी स्पेन्सला 2001 साली नोबेल मिळालं. आपल्याकडे दोघंही खरे ठरतात, फक्त वेगवेगळ्या दारांवर.

सरकारी जाहिरात वाचा: "कोणत्याही शाखेची पदवी." तलाठी, पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, बँकेचा लिपिक, सगळीकडे हीच अट. या दारावर इतिहासाची पदवी आणि रसायनशास्त्राची पदवी यांची किंमत सारखीच आहे. तिथे इतिहास ही सर्वात कमी पैशात मिळणारी किल्ली ठरते. खासगी नोकरीच्या दारावर मात्र स्पेन्स भेटतो. गोदामाच्या सुपरवायझरला इतिहासातलं काही नको असतं. त्याला चार ओळी नीट लिहिणारा, कॉम्प्युटरवर नोंद करणारा, फोनवर नीट बोलणारा माणूस हवा असतो. पदवी त्याची हमी देईल असं त्याला वाटलं तर पगार थोडा वाढतो, नाहीतर नाही.

आता भागाकार करू. पदवीमुळे महिन्याला 3,000 रुपये जास्त मिळाले, तर वर्षाचे 36,000. 4,20,000 फिटायला पावणेबारा वर्षांच्या आसपास लागतील. महिन्याला 7,000 जास्त मिळाले, तर वर्षाचे 84,000, आणि पाच वर्षांत फिट्टंफाट. तीच पदवी एका घरात पाच वर्षांत वसूल होते आणि दुसऱ्या घरात बारा.

जगातही असंच दिसतं. जॉर्ज साकारोपुलोस आणि हॅरी पॅट्रिनोस यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून 2018 साली काढलेली सरासरी अशी की शिक्षणाचं एक जास्तीचं वर्ष मिळकत सुमारे 9 टक्क्यांनी वाढवतं. इंग्लंडच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने 2020 साली पदवीधरांच्या आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मांडला. सरासरी पदवीधर चांगल्यापैकी फायद्यात होता. पण पाचांतला जवळपास एक जण विद्यापीठात गेला नसता तर पैशाच्या दृष्टीने बरा राहिला असता. विषय कोणता आणि संस्था कोणती, यावर बरंच अवलंबून होतं. सरासरीच्या पोटात असा पाचवा माणूस बसलेला असतो. आपलं मूल त्या जागी जाऊ नये, यासाठी हा सगळा हिशेब.

तिसरी ओळ: थांबलेली वर्षं

माझ्या मते सगळा हिशेब इथे फिरतो, आणि नेमकी हीच ओळ घरात कुणी लिहीत नाही.

इतिहास घेणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या मनात स्पर्धा परीक्षा असते, आणि त्यात तथ्य आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इतिहास वैकल्पिक विषय म्हणून घेतला तर दोन पेपर मिळून 500 गुणांचा असतो. शिवाय सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात इतिहास आणि संस्कृती आहेच. महाराष्ट्राच्या आयोगानेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे. तिथे पानभर नीट मांडून लिहिण्याची सवय कामी येते, आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागलेली असते, निदान लागायला हवी.

पण दाराची रुंदीही बघावी. 2024च्या नागरी सेवा परीक्षेला 5,83,213 उमेदवार पूर्वपरीक्षेत बसले आणि शेवटी 1,009 निवडले गेले. सुमारे 578 जणांत एक. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 पदं होती आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. शिक्षक व्हायचं तर बीएनंतर दोन वर्षांचं बीएड, मग शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. ही चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, त्यानंतर थेट 2023च्या सुरुवातीला आणि मग 2025 मध्ये. 2018 साली बीएड झालेल्या तरुणाला पहिली संधी मिळायलाच पाच वर्षं थांबावं लागलं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. त्याचं मानधन 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे.

प्राध्यापकीचा रस्ता आणखी लांब आहे. एमए, मग नेट किंवा सेट. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. मधल्या काळात मात्र अनेक जण तासिका तत्त्वावर, तासागणिक पैसे घेत वर्षानुवर्षं शिकवत राहतात.

आता पुन्हा दिनदर्शिकेचं पान. बीए झाल्यावर मुलगा दोन वर्षं पुण्याला खोली घेऊन अभ्यासिकेत बसला. खोली, मेस, क्लास मिळून महिन्याला समजा 8,000. दोन वर्षांचे 1,92,000. सोडलेली मजुरी वर्षाला 1,20,000 प्रमाणे 2,40,000. एकूण 4,32,000. तीन वर्षांच्या पदवीला 4,20,000 लागले होते. दोन वर्षांचं थांबणं अख्ख्या पदवीहून महाग पडलं. यश आलं तर सगळं वसूल होतं. पण तिसरं, चौथं, पाचवं वर्ष लागलं तर मुलगा सत्ताविशीत पोहोचतो, आणि गावी परतायचीही त्याला लाज वाटू लागते. हे दुःख शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत न बोलता सांभाळलं जातं. त्याचा दोष इतिहासावर टाकला जातो. तो दोष मुदत न ठरवता थांबण्याचा आहे.

म्हणून बसायचं तर आधीच तारीख लिहून बसावं. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्यानंतर दुसरं काय, हे पहिल्याच दिवशी घरातल्यांसमोर कागदावर उतरवावं. सारथी, बार्टी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजना चालवतात. त्यात निवड झाली तर थांबण्याचा खर्च निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून घरचे पैसे घालण्याआधी ते अर्ज भरावेत.

चौथी ओळ: पेटीतले कागद

आता अशी मिळकत बघू, जी पगारपत्रकावर दिसत नाही.

आपल्या भागातल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात जुना सातबारा, फेरफार, आजोबांचा शाळेचा दाखला, कूळकायद्यातलं 32म चं प्रमाणपत्र आणि कुणालाच वाचता न येणारे दोन-चार मोडी कागद. 1948चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957चा कृषकदिन यांमुळे या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं कुळाची मालक झाली. ते प्रमाणपत्र म्हणजे इतिहासाचं अस्सल साधन आहे, आणि जमिनीच्या वादात लाखो रुपयांचा पुरावाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. असा रस्ता येतो तेव्हा भरपाई कुणाला मिळणार, हे वारसनोंद, हिस्सेवाटप आणि जुने फेरफार ठरवतात.

जातपडताळणी घ्या. अनुसूचित जमातीसाठी 1950 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. त्यासाठी जुन्या शाळेची रजिस्टरं, कोतवालबुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली कागद धुंडाळावे लागतात. गाव एका तालुक्यातून दुसऱ्यात कधी गेलं, आडनाव कधी लागलं, नोंदीत जातीऐवजी पोटजात का लिहिली, हे सगळे इतिहासाचे प्रश्न. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी, कुणाचंच घर यातून सुटलेलं नाही. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. तोवर ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, त्यांच्यापुढे रजिस्टरांचे ढीग आले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतं. चिकाटीने सराव केला तर काही महिन्यांत हात बसतो, आणि लिप्यंतराचं काम पानागणिक मोबदल्यावर मिळतं.

तिसरं उदाहरण वनहक्कांचं. 2006च्या वनहक्क कायद्यात आदिवासी कसणाऱ्यासाठी 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पुरावा कोणता चालेल, हे 2008च्या नियमांत दिलं आहे: गॅझेटिअर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वंशावळ आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं निवेदन. ही यादी इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवली तर तो म्हणेल, ही तर संशोधनाच्या साधनांची यादी! ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर 1882 साली निघालं. मुंबई इलाख्याच्या त्या गॅझेटिअरांच्या कामात भगवानलाल इंद्रजींचाही हात होता. त्यातलं नेमकं पान काढून दाव्याला जोडता येणारी मुलगी वाडीत असेल, तर ती चार हेक्टरपर्यंतच्या हक्काचा प्रश्न सोडवायला मदत करते. ते मोल कोणत्याही पगाराच्या तक्त्यात बसत नाही.

हे घरापुरतंही राहत नाही. तानसा धरण 1892 साली पूर्ण झालं, भातसा पुढच्या शतकात. शहापूरचं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतो. या धरणांसाठी जमिनी कशा घेतल्या, कुणाला काय कबूल केलं, कोणता ठराव कधी झाला, हे तारखांनिशी सांगता आलं तर गावाचा अर्ज वजनदार होतो. कागद नसेल तर गाऱ्हाणं उरतं, आणि गाऱ्हाण्याला आवक क्रमांक मिळून ते फायलीत जातं.

पाचवी ओळ: मग पदवी कशी घ्यावी?

आतापर्यंतच्या चार ओळींतून एक गोष्ट दिसते. इतिहासाच्या कागदाला स्वतःची किंमत थोडी आहे. इतिहासाच्या हाताला, म्हणजे शोधणं, वाचणं, ताडून बघणं आणि नीट लिहिणं याला किंमत बरी आहे. तीन वर्षं गाइड पाठ करून काढली तर कागद मिळतो, पण हात तयार होत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना 2024-25 पासून आपल्या महाविद्यालयांतही आली. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यात आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष ऑनर्सचं. घरचा हिशेब तंग असेल तर चौथं वर्ष विचार करूनच घ्यावं, कारण त्याचा संधिखर्च पहिल्या तीन वर्षांइतकाच कडक आहे. मुख्य विषय इतिहास असेल तर जोडीला भूगोल, अर्थशास्त्र किंवा कॉम्प्युटरचं कौशल्य घ्यावं. नकाशा वाचणारा, एक्सेलमध्ये वंशावळ मांडणारा, मोडी जाणणारा इतिहासाचा पदवीधर आणि नुसता बीए, यांच्यात महिन्याच्या 3,000 आणि 7,000 मधला फरक पडू शकतो.

ज्याला कमावल्याशिवाय भागत नाही, त्याने नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण बघावं. काम करत शिकताना निम्मी मजुरी जरी हातात राहिली, तरी सोडलेली मजुरी 1,80,000 वर येते आणि एकूण खर्च 2,40,000. मग 3,000च्या वाढीवरही तो पावणेसात वर्षांच्या आत फिटतो. वर्गातली सोबत आणि शिक्षकांचा सहवास मात्र कमी मिळतो. तो तोटाही मांडावा.

आणि घराजवळ बघावं. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची माणसं माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट चढायला येतात. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हापासून किल्ल्यांकडे बघणारी नजर वाढली आहे. माहुली त्या यादीत नाही, पण 1636 साली शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा लढा इथूनच दिला. सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. पाहुणे चढून येतात, फोटो काढतात आणि हे काहीच न कळता उतरतात. वाट दाखवणारे गावात पुष्कळ आहेत. वाट दाखवताना खरी आणि तपासलेली गोष्ट सांगणारे थोडे. वाट दाखवण्याला मजुरी मिळते. गोष्ट सांगता आली तर पाहुणा पुढच्या वेळी नाव घेऊन विचारत येतो, जेवणही त्याच घरी सांगतो. त्याने वर्षभराचं घर चालणार नाही. पण पहिल्या ओळीतली सोडलेली मजुरी भरून काढायला हातभार लागेल, आणि तोही शिकत असतानाच.

पान पूर्ण करताना

आता आईच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. फी परवडणारी आहे. खरा खर्च वेळाचा आहे, म्हणून तीन वर्षं रिकामी जाऊ द्यायची नाहीत. "कोणत्याही शाखेची पदवी" मागणाऱ्या दारांसाठी इतिहास पुरेसा आहे, पण त्या दारांपुढची रांग लांब आहे, म्हणून थांबण्याची तारीख आधी लिहायची. जोडीला एक असं कौशल्य घ्यायचं, ज्याला या दोन तालुक्यांत मागणी आहे. एवढं ठरवून कुणी इतिहास घेत असेल, तर मी त्याला अडवणार नाही, उलट पाठीवर हात ठेवीन. आणि यातलं काहीच ठरवायचं नसेल, फक्त आर्ट्सला प्रवेश सहज मिळतो म्हणून इतिहास घ्यायचा असेल, तर आयटीआयचा किंवा नर्सिंगचा अर्ज आधी भरावा. त्यात कमीपणा नाही.

ज्या मुलीला हा विषय मनापासून आवडतो, तिला एक काम सुचवतो. प्रवेशअर्जाच्या आधीच्या सुट्टीत घरची पत्र्याची पेटी उघड. प्रत्येक कागदाची तारीख, कुणाचं नाव, कोणतं गाव, कशाबद्दल, हे वहीत लिही. जो वाचता येत नाही, त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह घाल. मग आजीला विचारून वंशावळ मांड आणि कागदांशी ताडून बघ. आठ-दहा दिवस लागतील, खर्च एका वहीचा. दहाव्या दिवशी कंटाळा आलेला असेल तर दुसरा विषय घे, तीन वर्षं आणि सव्वाचार लाख वाचले. पण त्या प्रश्नचिन्हांनी तुझी झोप उडवली असेल, तर वही वडिलांपुढे ठेव. त्यात कदाचित त्यांनाही ठाऊक नसलेला एखादा हिस्सा, एखादी राहून गेलेली वारसनोंद असेल. पुढं काय, हा प्रश्न मग त्या वहीसमोर बसून दोघांनी मिळून सोडवावा.